फळ्याचा डावा कोपरा

टीमच्या नव्या प्रमुख, म्हणजे लीड, रुजू झाल्या त्या सोमवारी त्यांनी सगळ्यात आधी फळा पुसला. हेतू चांगलाच होता. आठ जणांची टीम, मागच्या तीन तिमाह्यांत एकही काम मुदतीबाहेर गेलेलं नाही, आणि फळा बघावा तर नुसता गोंधळ. निळ्या अक्षरांवर हिरवी अक्षरं, मध्येच बोटानं पुसून लिहिलेला एक लाल आकडा, कुठून निघून कुठे जातो ते न कळणारा बाण. डावीकडे अगदी खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, उभ्या रेघांचा पुंजका. चार उभ्या, त्यांवरून एक तिरपी, पुन्हा चार उभ्या. वर शीर्षक नाही, बाजूला तारीख नाही. ओल्या फडक्याच्या दहा-बारा हातांत सगळं गेलं. खोलीभर मार्करचा तो किंचित गोडसर, डोक्यात जाणारा वास पसरला आणि दुपारपर्यंत फळ्यावर पट्टीनं आखलेला तक्ता आला: काम, जबाबदारी, मुदत, स्थिती. सगळ्यांनी तो पाहिला. एक जण म्हणालाही, "छान दिसतंय." रेघांबद्दल कोणीच काही बोललं नाही.

त्या रेघांमागे एक सवय होती. या टीममधलं कुठलंही काम बाहेर जाण्याआधी दुसरं कोणीतरी ते एकदा बघत असे आणि त्या दुसऱ्या नजरेला काही सापडलं की फळ्यावर एक रेघ. कोणाची चूक, किती मोठी, याची नोंद नाही, नुसती रेघ. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, कुठल्या नियमावलीत नव्हतं. शुक्रवारी निघताना जो फळ्याजवळ असेल तो रेघा मोजायचा. कमी निघाल्या तर कोणी टाळ्या वाजवत नसे. उलट, "या आठवड्यात घाई झाली का रे?" असा प्रश्न यायचा, कारण कमी रेघांचा अर्थ बहुतेक वेळा चुका कमी असा नसून बघणं कमी असा असतो, हे त्या आठ जणांना अनुभवानं कळलेलं होतं. फळा पुसल्यावर बघायला कोणी बंदी केली नव्हती. पण रेघ ओढायची जागा गेली, मग शुक्रवारचा प्रश्न गेला, मग एकेकाचं बघणं वरवरचं होत गेलं. सहाव्या आठवड्यात दोन कामं परत आली.

प्रसंग एवढासाच. पण मनातून जात नाही.

बिघडलेल्या टीमचं नेतृत्व अवघड असतं, पण प्रामाणिक असतं. आग कुठे लागली आहे ते दिसतं, पाणी कुठे मारायचं ते कळतं, आणि चार महिन्यांनी आकडे थोडे सुधारले की श्रेय आपोआप पदरात पडतं. चांगली चाललेली टीम हातात येते तेव्हा यातलं काहीच नसतं. तिथे जे चाललं आहे त्याची कारणं डोळ्यांपुढे नसतात. ती कोणाच्या तरी सकाळी दहा मिनिटं लवकर येण्यात असतात, दोघांनी जेवताना सहज बोलून सोडवलेल्या अडचणीत असतात, फळ्याच्या कोपऱ्यात असतात. आणि नव्या माणसाच्या हातांना काम हवं असतं. आपली निवड योग्य होती हे वरच्यांना दिसावं, टीमलाही दिसावं, ही ओढ खोटी नाही. ती माणसाची आहे. पण लागलेल्या तानपुऱ्याच्या खुंटीला नुसत्या उत्साहानं हात लावला तर स्वर उतरतो, आणि पुन्हा लावायला बसावं तर मूळ स्वर कोणता होता हे लक्षात ठेवणारं कोणी लागतं.

म्हणून पहिला महिना समजून घेण्याचा. हे सगळेच म्हणतात. ते करायचं कसं, हे फारसं कोणी सांगत नाही. प्रत्येकाशी एकट्यानं पाऊण तास बोलायचं. आठ माणसं म्हणजे सहा तास, दोन आठवड्यांत आरामात बसतात. "कसं चाललंय?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला "छान" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारावं: बाहेरच्याला सोपं वाटेल पण इथे फार जपून करावं लागतं असं काम कोणतं? तुम्ही अडलात की सगळ्यात आधी कोणाकडे जाता? मी काय बदललं तर तुमचं काम अवघड होईल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मोजून ठेवावीत. आठांपैकी पाच जणांनी एकच नाव घेतलं, तर टीमचा सांधा सापडला आणि टीमचा धोकाही सापडला. बहुधा हे नाव यादीत सगळ्यात वर नसतं, बैठकीत फारसं बोलतही नसतं. पहिल्या फेरीत लोक राखून बोलतात, कारण त्यांच्या बोलण्याचं तुम्ही काय करणार हे त्यांना ठाऊक नसतं. पहिल्या फेरीत सांगितलेली एखादी छोटी अडचण, एखादी अडकलेली परवानगी किंवा बंद पडलेलं यंत्र, आठवडाभरात मार्गी लावली की दुसऱ्या फेरीत खरं बोलणं सुरू होतं.

विचारण्याइतकंच बघणंही आलं. एखादं काम आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्याच्यामागे चालत जावं, असं निदान दोन कामांचं करावं. ते कुठे थांबतं, कोणाच्या टेबलावर तीन दिवस पडून राहतं, कुठे ठरलेला मार्ग सोडून उडी मारतं. विचित्र वाटेल ते वहीत तीन रकान्यांत लिहावं: काय दिसलं, मला काय वाटलं, कारण काय निघालं. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत दुसऱ्या रकान्यातलं एक वाक्यही बैठकीत बोलू नये. महिन्याच्या शेवटी ही वही उघडली की दिसतं, पहिल्या आठवड्यात मूर्खपणाच्या वाटलेल्या कितीतरी गोष्टींना कारण निघालेलं असतं. काहींना निघत नाही, त्या खरोखरच कालबाह्य झालेल्या सवयी असतात; त्यांची पाळी पुढे येते. याला अपवाद आहेत आणि ते ठामपणे सांगायला हवेत. कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, कोणाचा छळ होत असेल, हिशेबात लबाडी दिसत असेल, तर महिना थांबायचं नाही. त्याच दिवशी हात घालायचा.

हात न लावणं इतकं कठीण का जातं, याचा विचार करताना डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचा नसराळ्याचा प्रयोग आठवतो. टेबलावर एक खूण, तिच्या बरोबर वर नसराळं. नसराळ्यातून गोटी सोडायची, ती घरंगळत जिथे थांबेल तिथे ठिपका काढायचा. असं पन्नास वेळा. पहिल्या पद्धतीत नसराळं जागचं हलवायचंच नाही. ठिपक्यांचा खुणेभोवती ओबडधोबड गोल पुंजका होतो. दुसऱ्या पद्धतीत दर वेळी चूक सुधारायची: गोटी खुणेच्या उजवीकडे चार बोटं गेली, की नसराळं आहे तिथून चार बोटं डावीकडे सरकवायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात पुंजका फैलावतो. विखुरण्याचं संख्याशास्त्रीय माप, ज्याला व्हेरियन्स म्हणतात, ते दुप्पट होतं. कारण असं, की गोटी चार बोटं उजवीकडे गेली ती नसराळं चुकीच्या जागी होतं म्हणून नव्हे. गोट्या घरंगळतात म्हणून. आता मात्र नसराळं खरोखरच चुकीच्या जागी आहे, आणि पुढची गोटी आपलं नेहमीचं घरंगळणं सोबत घेऊनच पडणार आहे. दोन चुकांची बेरीज होते. नसराळं हलवणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी आपण काहीतरी सुधारतो आहोत असंच वाटत असतं. मला या प्रयोगातली सगळ्यात करुण गोष्ट ती वाटते.

तर मग घरंगळणं किती आणि बिघाड किती, हे ओळखायचं कसं? यासाठी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण तक्ता आजही पुरतो, आणि त्याचं एक साधं रूप वहीच्या पानावर करता येतं. मागच्या वीस आठवड्यांत दर आठवड्याला किती कामं पूर्ण झाली ते ओळीनं लिहा. त्यांची सरासरी काढा. मग प्रत्येक आठवडा आणि त्याच्या आधीचा आठवडा यांतला फरक, अधिक-उणे न बघता, लिहा आणि त्या फरकांचीही सरासरी काढा. या दुसऱ्या सरासरीला २.६६ नं गुणा. आलेली संख्या पहिल्या सरासरीत मिळवली की वरची मर्यादा, वजा केली की खालची. समजा सरासरी २४ कामं आणि फरकांची सरासरी ३. म्हणजे मर्यादा साधारण ८ नं वर आणि ८ नं खाली: १६ ते ३२. आता एखाद्या आठवड्यात १८ कामं झाली तर ती बातमी नाही, ते घरंगळणं आहे. त्यावरून सोमवारी सगळ्यांना बोलावून कारणं विचारणं म्हणजे नसराळं सरकवणं. लोक कारणं देतातही, कारण विचारल्यावर काहीतरी सांगावंच लागतं, आणि मग त्या कारणांवर उपाय सुरू होतात. १४ आला तर मात्र थांबून बघायचं. आणि सलग आठ आठवडे सगळे आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर मर्यादेच्या आत असूनही काहीतरी खरंच बदललं आहे. हा तक्ता फसतो तो दोन ठिकाणी. छोटी-मोठी कामं एकाच मापानं मोजली तर, आणि "पूर्ण" या शब्दाचा अर्थ मध्येच बदलला तर. ही दुसरी गोष्ट नवा लीड आल्यावर फार सहज घडते.

यात आणखी एक मेख आहे. टीम उत्तम चालली आहे असं जेव्हा सगळीकडे बोललं जातं, तेव्हा ती बहुधा आपल्या सर्वोत्तम काळात असते, आणि सर्वोत्तम काळानंतर थोडा साधा काळ येतो तो कोणाच्याही चुकीशिवाय. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत असताना एका अनुभवी प्रशिक्षकानं त्यांना सांगितलं होतं, की उत्तम उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि वाईट उड्डाणाबद्दल ओरडलं की पुढचं सुधारतं. प्रत्यक्षात दोन्ही उड्डाणं आपापल्या सरासरीकडे परत येत होती, ओरडण्याचा त्यात हात नव्हता. नव्या लीडच्या पहिल्या तिमाहीत आकडा थोडा उतरला, की ही जाणीव नसल्यास घाबरून पकड घट्ट होते. म्हणून रुजू होतानाच वरच्यांशी हे बोलून घ्यावं: मागच्या तिमाहीचा आकडा हा शिखराचा आकडा आहे, मला वर्षभराच्या पट्ट्यावर जोखा. नंतर बोललं तर ती सबब वाटते.

१९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दोन उत्तम फुटबॉल संघ एकाच वेळी नव्या हातांत गेले. लीड्स युनायटेड नुकतेच लीग विजेते झाले होते. त्यांचे व्यवस्थापक डॉन रेव्ही राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी आले ब्रायन क्लफ, ज्यांनी आधी या संघाच्या खेळण्यावर उघड टीका केली होती. तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती लबाडीनं मिळवलेली आहेत, असं त्यांनी सुरुवातीलाच खेळाडूंना सुनावल्याचं पुढे खेळाडूंनी सांगितलं. सहा लीग सामन्यांत एक विजय, आणि ४४ दिवसांत ते पदावरून गेले. त्याच जुलैत दुसऱ्या संघाच्या, लिव्हरपूलच्या, व्यवस्थापक बिल शँकलींनी निवृत्ती जाहीर केली आणि बॉब पेस्ली नाखुशीनंच त्या खुर्चीत बसले. ते १९३९ पासून त्याच क्लबात होते, आधी खेळाडू, मग दुखापती बघणारे, मग प्रशिक्षक. स्टेडियममधल्या बूट ठेवायच्या खोलीत बसून प्रशिक्षकांनी सामन्यानंतर बोलत राहायचं, ही पद्धत त्यांनी तशीच चालू ठेवली. पहिल्या हंगामात मोठा करंडक आला नाही, लीगमध्ये दुसरा क्रमांक. पुढच्या आठ हंगामांत सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप.

पण ही गोष्ट शहाणा पेस्ली आणि अडाणी क्लफ अशी सांगणं अन्यायाचं होईल. याच क्लफनी १९७५ च्या जानेवारीत लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या, विभागात चाचपडणारा नॉटिंगहॅम फॉरेस्ट हाती घेतला आणि १९७९ व १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दाखवले. रिकाम्या जागेवर उभारणी करायची असते तेव्हा "आजपर्यंतचं विसरा" हे वाक्य लोकांना मोकळं करतं. तेच वाक्य जिंकणाऱ्यांना उद्देशून म्हटलं की त्यांच्या आयुष्यातली काही वर्षं पुसून टाकल्यासारखं होतं. दोन कौशल्यं वेगळी आहेत, आणि एकातलं यश दुसऱ्याची खात्री देत नाही. आपण कोणत्या प्रकारचे आहोत हे नेमणूक स्वीकारण्याआधी स्वतःला विचारायला हवं. पेस्लींचंही सगळं "होतं तसंच ठेवलं" असं नव्हतं. त्यांनी खेळाडू बदलले, खेळाडूंच्या जागा बदलल्या. पण एकेक.

चांगल्या टीमला सगळ्यात मोठा धोका बाहेरून येतो आणि तो बक्षिसाच्या रूपात येतो. जी टीम वेळेवर काम देते तिच्याकडेच आणखी काम येतं. "तुमच्याकडे दिलं की होतं" हे ऐकायला गोड वाक्य म्हणजे टीमच्या गळ्यातला फास आहे. रांगांचं गणित इथे निष्ठुर आहे. कामं अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर सर्वांत साध्या सूत्रानुसार टीमचा ८० टक्के वेळ भरलेला असताना नवीन कामाला सरासरी चार कामांच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ९० टक्के भरलेला असताना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे ८० वरून ९५ पर्यंत जाताना काम जेमतेम पाचव्या हिश्श्यानं वाढतं आणि थांबणं जवळजवळ पाचपट होतं. बाहेरून मात्र एवढंच दिसतं, की पूर्वी चपळ असलेली टीम आता सुस्तावली. आणि जो वीस टक्के वेळ "रिकामा" म्हणून भरून टाकला, त्याच वेळात एकमेकांचं काम बघणं, नव्याला शिकवणं आणि फळ्यावरच्या रेघा होत होत्या. लीडनं या दारावर उभं राहायला हवं. नुसतं "नाही" म्हणणं टिकत नाही. हातात असलेल्या कामांची यादी दाखवून "हे घेतो, यांपैकी कोणतं मागे टाकू?" असं विचारणं टिकतं, आणि उत्तर लेखी घ्यावं.

दुसरं बक्षीस टीम फोडण्याचं. इतकी छान टीम आहे तर यातले दोघं तिकडे देऊ, तिकडचे दोघं इकडे आणू, म्हणजे गुण पसरतील. गुण असे पसरत नाहीत, कारण ते बरेचसे माणसांमध्ये नसून माणसांच्या मधोमध असतात. आठ जणांत २८ जोड्या होतात. दोघं बदलले की त्यांतल्या १३ जोड्या नव्यानं जुळवाव्या लागतात, म्हणजे जवळजवळ निम्मी टीम. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९९४ मध्ये विमानचालकांच्या चुकांशी संबंधित मोठ्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या अपघातांबद्दल ही माहिती मिळू शकली त्यांतले ७३ टक्के अपघात चालकांच्या एकत्र उडण्याच्या पहिल्याच दिवशी झालेले होते, ४४ टक्के तर पहिल्याच उड्डाणात. नमुना लहान होता, पंधरा-सोळा अपघातांचा, पण दिशा स्पष्ट आहे. हे सगळे प्रशिक्षित, अनुभवी लोक होते. एकमेकांना मात्र नवे होते. द्यायचाच असेल तर एका वेळी एक माणूस द्यावा, आणि दोन बदलांमध्ये निदान एक पूर्ण कामाचं चक्र जाऊ द्यावं.

आता उलट बाजू. एवढं सगळं जपायचं म्हटल्यावर चांगल्या टीमकडे बघताना डोळे मिटण्याचा मोह होतो, आणि यशस्वी टीम बिघडते ती फार हळू, आवाज न करता. डेमिंगच्या प्रयोगात आणखी एक पद्धत होती: दर वेळी नसराळं मागच्या ठिपक्यावर आणून ठेवायचं. गोट्या हळूहळू खुणेपासून दूर दूर जातात, आणि परत येण्याची खात्री नसते. कामावर नव्यानं आलेला माणूस त्याच्या आधी नव्यानं आलेल्याकडून शिकतो तेव्हा हेच होतं, असं डेमिंग म्हणत. प्रत्येक पायरीला एक बारीकशी गाळणी लागते. "असं करायचं" पुढे जातं, "का करायचं" मागे राहतं. म्हणून नव्या माणसाला पहिले काही आठवडे निदान दोन जुन्या जाणत्यांजवळ बसवावं, आणि तपासणीच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे कारण एका वाक्यात लिहिलेलं असावं. कारण नसलेली ओळ घाईच्या दिवशी सगळ्यात आधी गळते.

आणि गळून काही झालं नाही, तर ती पुन्हा येत नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात जण गेले. ज्या रबरी कड्यांमुळे ते घडलं, त्यांची झीज आधीच्या उड्डाणांमध्ये दिसलेली होती. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परतलं, आणि प्रत्येक सुखरूप परतण्यानं ती झीज थोडी अधिक मान्य होत गेली. यश हा पुरावा नव्हता, तरी तो पुरावा म्हणून वापरला गेला. उत्तम टीमच्या लीडनं विचारायचा प्रश्न इथे आहे: गेल्या महिन्यात काय थोडक्यात वाचलं? "काही नाही" असं उत्तर सलग दोनदा आलं, तर काळजी करावी. संघटनांमधल्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या आठ गटांचा अभ्यास केला, त्यात चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. ते गट चुका जास्त करत होते असं मानण्यापेक्षा चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते असं मानायला तिथे आधार होता. रेघा ओढणाऱ्या आठ जणांनी कुठलाही अभ्यास न वाचता हेच ओळखलेलं होतं.

बदल करावे लागतातच. पण चालू टीममध्ये ते करण्याची एक रीत आहे. एका वेळी एकच बदल. तो आधी ज्यांच्या कामावर पडणार त्या दोघा-तिघांशी बोलून. काय बदललं की आपण समजू हे जमलं, आणि काय दिसलं की मागे घेऊ, हे सुरू करण्याआधी लिहून. आणि तपासायची तारीख ठरवून, साधारण सहा आठवड्यांची, म्हणजे तक्त्यावर खुणा पडायला वेळ मिळतो. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानं काय झालं हे कधीच कळत नाही. वेळ निवडण्यालाही महत्त्व आहे. गटांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये आठ गटांबद्दल लिहिलं, ज्यांची मुदत सात दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत होती. प्रत्येक गटानं कामाची पद्धत बदलली ती मुदतीच्या जवळजवळ मध्यावर. त्याआधी लोक घेतलेली दिशा सोडत नाहीत, त्यानंतर त्यांना फक्त संपवायचं असतं. बारा आठवड्यांचं काम असेल तर पद्धतीबद्दलची बैठक सहाव्या आठवड्यात घ्या. नवव्या आठवड्यात तीच बैठक नुसता त्रास वाटते.

या सगळ्यात लीडच्या मनाचं काय होतं, हे बोलायला हवं. आपल्यावाचून चालतं आहे, हे रोज बघणं सोपं नाही. बैठकीत प्रश्न येतो, आपण तोंड उघडण्याआधी कोणीतरी उत्तर देतं, आणि उत्तर बरोबर असतं. संध्याकाळी आज आपण नेमकं काय केलं हे सांगता येत नाही. अडलेली परवानगी सोडवली, दोन कामं दारातून परत पाठवली, कोणाला तरी सुट्टीवर जा म्हणून सांगितलं, पाच जणांनी ज्याचं नाव घेतलं त्याच्याजवळ एक धाकटा माणूस बसवला. यातलं काही अहवालात शोभत नाही. तरी ते काम आहे, आणि ते एके दिवशी थांबलं तर महिन्याभरात जाणवायला लागतं. वर्षअखेरीस वरच्यांपुढे मांडायला काही हवं असेल तर टाळलेल्या गोष्टींची नोंद ठेवावी, तारखेसकट. ती वाचताना स्वतःलाही बरं वाटतं.

त्या खोलीतला फळा जुना होता. अशा फळ्यांवरची शाई फडक्यानं जाते, पण वर्षभर एकाच जागी पडत राहिलेल्या खुणांची छाप पृष्ठभागात राहून जाते. सातव्या आठवड्यात, परत आलेल्या दोन कामांचा कागद हातात घेऊन लीड एकट्याच तिथे उभ्या होत्या. खिडकीतून संध्याकाळचा तिरपा उजेड फळ्यावर पडला होता आणि तक्त्याच्या आखलेल्या चौकटीखाली, डाव्या कोपऱ्यात, फिकट उभ्या रेघा दिसत होत्या. चार आणि एक तिरपी, चार आणि एक तिरपी. त्या खाली वाकल्या, बोट फिरवत मोजू लागल्या. मग निघायच्या तयारीत असलेल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याला त्यांनी हाक मारली.

"हे काय होतं?"

त्यानं बॅग खुर्चीवर ठेवली आणि सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"मग मी पुसत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला.

"आम्हाला वाटलं, मॅडम, तुमचं काहीतरी कारण असेल."